‘प’वरून

परळला, इस्पितळाच्या तळघरात,
जिथे भिंतीत तांब्याचा पत्रा आहे आणि फोनला रेंज नाही,
तिथे मी माणसांना आडवं करून आत सरकवते.
आधी सगळं काढून घेते : पिना, जोडवी, कमरेच्या किल्ल्या.
काळी पोत सोडताना काही जणी माझ्याकडे बघत नाहीत.
मग तांबाकाट्याला हंड्यावर घाव पडावेत
तसं मशीन ठोकू लागतं
आणि मी माईकमधून सांगते :
‘प’वरून शब्द आठवा.
मनातल्या मनात. ओठ हलवू नका.

पडद्यावर शब्द येत नाहीत.
रक्त कुठे धावलं एवढंच येतं,
तेही पाच-सहा सेकंद उशिरा,
पाहुणे उठल्यावर चहा यावा तसं.

दिवाळीपासून चोवीस माणसं झाली.
गोराईच्या आयरिन मिस्किटा, भूगोल शिकवायच्या :
डाव्या कपाळामागे एकच नेमका ठिपका,
नकाशात टोचलेली टाचणी.
चिराबाजारचे धुरंधर, पेढीवर हिशेबनीस :
पुढे पेटलं, मागे पेटलं, दोन्हीकडे पेटलं,
बाहेर येऊन म्हणाले, सहाच आठवले हो,
त्यातल्या दोन शिव्या.
नायगावचा सिद्राम ओव्हाळ, रात्रपाळीचा वॉचमन,
सर्वांत जास्त शब्द, सर्वांत कमी रंग.

तळवलकर डॉक्टर ही सगळी डोकी
एका मापाला ताणतात, आवळतात,
पापडाच्या चवडीसारखी एकावर एक रचतात
आणि भागाकार करतात.
मेंदू निघतो तो स्वच्छ, देखणा.
कुणाचाच नाही.
या शहरात त्याला कुठे पत्ता नाही, रेशनकार्ड नाही,
तरी बाहेरच्या भिंतीवर फ्रेम करून लावलाय.

पंचविसाव्या भानुमती वरळीकर.
त्यांच्या डाव्या बाजूला अंधार,
उजवीकडे कानामागे सगळी रोषणाई.
हातात पेन धरतात तो उजवाच, मी दोनदा विचारलं.
काय आठवलंत, म्हटलं.
“माना शबूद नाय आठवले, बाय.
मी त बंदरान फिरत होते,
एकेक पाटी उघरून बघत होते, ‘प’ची हाय का.”
डॉक्टरांनी चष्मा पुसला.
ही वगळू या, म्हणाले, आकडे बिघडतात.

एका शनिवारी मशीनच्या तपासणीला
नॉर्बर्टने मलाच आत घातलं.
एकवीस वर्षं बाहेरून जे सांगत आले
ते आतून पहिल्यांदा ऐकलं :
‘प’वरून शब्द.
पगार, मनात आलं.
मग परत पगार.
मग ‘परत’ हाही शब्द आहे हे लक्षात आलं
तोवर घंटा झाली.

माझ्या चित्रात काहीच नव्हतं.
राखाडी, नुसतं राखाडी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं.
“झोपली होतीस?” नॉर्बर्ट हसला.
मी त्याला उंबरठा खाली घे म्हटलं.
ज्या आकड्याच्या पलीकडे गेल्याशिवाय
रंग मिळत नाही, त्याला आम्ही उंबरठा म्हणतो.
त्याने थोडा खाली घेतला.
आणखी थोडा.
मग कुठे कडेकडेने पणत्या दिसू लागल्या,
पण त्याच्या मते ती खरखर होती.
असेलही.

भानुमतीबाई पंधरा दिवसांनी आल्या,
त्यांची एक पीन माझ्या ट्रेमध्ये राहिली होती.
पीन घेतली, आणि फोटो मागितला.
नियमात बसत नाही. मी फिल्म दिली.
“यान बंदर कंचं?”
मी डावीकडच्या लाल डागावर बोट ठेवलं,
सांगू लागले की आमच्याकडे फिल्म उलटी असते,
उजवं डावीकडे दिसतं,
तोवर त्यांनी ती पालथी करून
ट्यूबलाइटपुढे धरली होती.

“हां, आता बराबर.
आमच्या दारान उबं राहिलं ना,
तं बंदर उजव्या हातालाच हाय.”

फिल्मची सुरळी करून त्यांनी पिशवीत घातली,
वर पालेभाजी, म्हणजे वाकणार नाही.
जाताना भिंतीवरच्या त्या देखण्या मेंदूपुढे थांबल्या.
“यो कोनाचा?”
मी सांगायला गेले.
पुढच्या माणसाची घंटा वाजली.